गाणारे पुष्कळ, शिकविणारे कोठे?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात गायनमंडळाच्या स्नेहमेळाव्यात झालेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गायनमंडळाच्या वतीने चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा महोत्सव समितीने आम्हास केली. विषय नेमून दिला होता, 'गायनमंडळाची पन्नास वर्षे.' विषय सोपा होता. कोणत्या नाताळात कोणती गीते बसविली, जुनी पायपेटी केव्हा मोडीत निघाली, कोणत्या साली नवे वाद्य आले, यांची यादी वाचली असती तर आपण टाळ्या वाजविल्या असत्या आणि आम्हीही समाधानाने खाली बसलो असतो. परंतु महोत्सव हा हिशेबाचाही दिवस असतो, आणि हिशेबाच्या वहीतील जमेची बाजू तेवढी वाचून दाखविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सबब समितीची क्षमा मागून आम्ही विषय थोडा बदलून घेतला आहे. आज आम्ही गाणारांविषयी थोडे, गाणे शिकविणारांविषयी अधिक, आणि शिकविणारे घडविणारांविषयी सर्वांत अधिक बोलणार आहोत.

आपला हा पिंपरी-चिंचवडचा परिसर कसा वसला हे येथील वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊकच आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आणि पाहता पाहता ज्वारी-बाजरीच्या शेतांतून धुराड्यांची रांग उभी राहिली. त्या भोंग्याच्या हाकेस ओ देऊन कोणी नगरकडून आले, कोणी वसईहून, कोणी गोव्याहून, कोणी मंगळूर, केरळ आणि तमिळनाडूहून. प्रत्येकाने आपली वळकटी आणली, आणि वळकटीत बांधून आपापल्या गावच्या चर्चमधील गाणेही आणले. आम्ही नगर जिल्ह्यातील एका खेड्यातून आलो. तेथील मिशनशाळेच्या मास्तरांनी आम्हास पेटीवर बोटे ठेवावयास शिकविले होते, एवढीच आमची विद्या. येथे मंडळ नवे होते, पेटी वाजविणारा कोणी नव्हता. आम्ही पेटीपुढे बसलो, आणि बसलो ते तीस वर्षांहून अधिक काळ बसूनच राहिलो.

येथवर जमेची बाजू झाली. आता दुसरी बाजू सांगतो.

काही वर्षांपूर्वी पवित्र सप्ताहात आमची प्रकृती एकाएकी बिघडली आणि आम्हास रुग्णालयात ठेवण्यात आले. मंडळात तेव्हा बावीस गळे होते. त्यांतील कित्येक आमच्यापेक्षा गोड; कित्येकांस सर्व गीते तोंडपाठ. काळजीचे कारण नाही, असे सर्वांना वाटले. पुनरुत्थान जागरणाच्या मिस्सात, पवित्र गुरुवारपासूनच्या मौनानंतर घंटा वाजू लागल्या, दिवे उजळले आणि महिमागीताचा क्षण आला. आम्ही जे गीत काळी एकमध्ये बसविले होते, ते कोणीतरी उत्साहाच्या भरात काळी चारमध्ये उचलले. पहिली ओळ निभावली. दुसऱ्या कडव्यात सूर वर चढू लागताच पुरुषांचे गळे फुटले, मुली थांबल्या, पेटीवाल्या मुलाने मध्येच पट्टी बदलण्याचा यत्न केला, आणि गीत तुटले. फादरांनी शांतपणे उरलेले शब्द वाचून पूर्ण केले. त्या रात्री पुढील बहुतेक गीते म्हटली गेली नाहीत, नुसती वाचली गेली.

दुसऱ्या दिवशी घरच्या मंडळींनी ही हकीकत आमच्या खाटेपाशी सांगितली. ती ऐकून आमच्या मनात प्रथम काय आले, हे सांगावयास आज लाज वाटते, पण सांगतो. आम्हास किंचित बरे वाटले. 'पाहा, आमच्यावाचून अडले!' असा तो विचार होता. तो क्षणभरच टिकला. परंतु तो आला, हे खरे. मग आम्हास आमची वही आठवली. त्या वहीत सव्वातीनशे गीतांचे शब्द स्वच्छ अक्षरांत उतरविलेले आहेत. परंतु कोणते गीत कोणत्या पट्टीत, कोणत्या ठेक्यात, कोणी उचलावयाचे, कोठे श्वास घ्यावयाचा, यांपैकी एक अक्षरही तीत नव्हते. ते सर्व आमच्या डोक्यात होते, आणि आमचे डोके रुग्णालयाच्या उशीवर होते. तीस वर्षांत आम्ही शेकडो मुलांना गाणे शिकविले. गाणे शिकवावयास मात्र एकासही शिकविले नाही. त्या रात्री गीत तुटले ते मुलांच्या गळ्यामुळे तुटले नाही. ते आमच्या कृपणपणामुळे तुटले.

बरे झाल्यावर आम्ही वाचू लागलो, विचारू लागलो. ज्यांनी गायक निर्माण केले त्यांची नावे पुष्कळ सापडतात. गायनशिक्षक निर्माण करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले असे थोडे. त्या थोड्यांतील काहींची ओळख आज करून देतो.

आपल्या ख्रिस्तसभेत या मालिकेचा आरंभ अकराव्या शतकातील एका बेनेडिक्टाईन संन्याशापासून करावा लागेल. त्याचे नाव गुइदो. इटलीतील अरेत्झो नगरात तो मुलांना गाणे शिकवीत असे. त्या काळी गायक सर्व गीते केवळ ऐकून पाठ करीत, आणि दहा दहा वर्षे घोकूनही नवे गीत स्वतःच्या बळावर म्हणता येत नसे. गुइदोने संत योहान बाप्तिस्ताच्या एका स्तोत्रातील ओळींची आद्याक्षरे घेऊन सहा स्वरांना नावे दिली, रेघांवर स्वर मांडण्याची रीत पक्की केली, आणि एका, फार तर दोन वर्षांत गायक तयार होईल असे सांगितले. आपल्या सा-रे-ग-म प्रमाणेच पाश्चात्यांचे जे सा-रे-ग-म, त्याचे मूळ तेथे आहे. विद्या गुरूच्या कंठातून काढून कागदावर ठेवली, की ती गुरूच्या आजारपणात आजारी पडत नाही, एवढा बोध आम्ही त्यातून घेतला.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर हे नाव आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे त्यांचा जन्म झाला. लहानपणी दारूकामाच्या अपघातात त्यांच्या डोळ्यांस इजा झाली, शाळेचे शिक्षण खुंटले, आणि मिरजेस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे ते गाणे शिकू लागले. बाळकृष्णबुवा थोर गायक होते. परंतु त्या काळची रीत अशी, की गायकाचा मान दरबारापुरता. बाहेर त्याला प्रतिष्ठा नाही. चीज म्हणजे घराण्याचे धन. ते कुलुपात ठेवावयाचे. १८९६ साली विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली आणि गावोगाव फिरत ते उत्तरेकडे गेले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय उघडले. राजाच्या दानावर न विसंबता लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चाललेली ती संगीतशाळा होती. फी भरून, ठरलेल्या वेळी, फळ्यासमोर बसून कोणाही घरच्या मुलाने गाणे शिकावे, ही गोष्ट त्या काळी नवलाची होती.

परंतु आमच्या विषयाशी खरा संबंध आहे तो त्या विद्यालयातील एका वर्गाचा. त्याला 'उपदेशक वर्ग' म्हणत. इतर वर्गांत गाणे शिकू इच्छिणारे येत. या वर्गात गाणे शिकविणारे तयार होत. होतकरू मुलांना निवडून घ्यावयाचे, त्यांच्या पालकांकडून नऊ वर्षांचा करार लिहून घ्यावयाचा, आणि मग त्यांचे जेवणखाण, राहणे, शिक्षण सर्व विद्यालयाने पाहावयाचे. मोबदल्यात त्या मुलांनी स्वतः शिकता शिकता खालच्या वर्गांस शिकवावयाचे. बंधुभगिनींनो, या शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्यावे. शिकणे संपल्यावर शिकविणे सुरू, असा क्रम तेथे नव्हता. काल जे घेतले ते आज लहानाला द्यावयाचे, आणि देताना जेथे अडखळेल तेथे आपले कच्चे आहे हे ओळखावयाचे. ज्याने कोणाला शिकविले आहे त्याला ठाऊक आहे, की आपल्याला किती कमी येते हे शिकविताना पहिल्यांदा कळते.

१९०८ साली मुंबईस शाखा निघाली. विद्यालयाने स्वतःची क्रमिक पुस्तके छापली, स्वतःची स्वरलिपी वापरली, छापखाना घातला, वाद्ये दुरुस्त करण्याची सोय केली. ज्या चिजा कुलुपात होत्या त्या छापील पुस्तकांत आल्या, यावर जुन्या गायकांनी नाके मुरडली असल्यास नवल नाही. पुढे मुंबईच्या इमारतीचे कर्ज डोईजड झाले, आणि १९२४ च्या सुमारास ती इमारत हातची गेली. विष्णु दिगंबर नाशिकास जाऊन रामनामात काळ घालवू लागले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस निवर्तले. वास्तू गेली, पैसा गेला. व्यवहाराच्या दृष्टीने पाहणाऱ्याने म्हटले असते, की सर्व बुडाले.

तसे झाले नाही. त्याच १९३१ साली त्यांचे शिष्य अहमदाबादेस एकत्र जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. आज आपल्या पिंपरी-चिंचवडमधील मुलेमुली प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा ज्या परीक्षांस बसतात, त्या याच मंडळाच्या. शिष्यांची नावे पाहा. विनायकबुवा पटवर्धन १९०७ साली नऊ वर्षांचे असताना लाहोरास गेले होते. त्यांनी ८ मे १९३२ रोजी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले आणि 'राग विज्ञान' हा ग्रंथ सात भागांत लिहिला. बा. र. देवधर यांनी १९२५ साली मुंबईत संगीताची शाळा काढली. पुढे कुमार गंधर्व लहानपणी शिकले ते यांच्याकडेच. शंकरराव बोडस कानपुरास गेले. ओंकारनाथ ठाकूर यांनी पुढे काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे शिक्षण उभे केले. एका माणसाने शिक्षक पेरले आणि हिंदुस्थानभर शाळा उगवल्या.

या शिष्यांतील एकाची कथा गायनमंडळांस विशेष जवळची आहे. पंडित नारायण मोरेश्वर खरे हे त्यांचे नाव. गांधीजींनी आपल्या साबरमती आश्रमाकरिता विष्णु दिगंबरांकडे एक गायक मागितला, तेव्हा त्यांनी खरे यांस पाठविले. आश्रमात काय होते? ना तयार गळे, ना श्रोते. विणकर, शेतकरी, मुले, म्हाताऱ्या बाया, नाना भाषांची माणसे पहाटे व सायंकाळी प्रार्थनेस बसत. या सर्वांनी एका सुरात म्हणावे, हे खरे यांचे काम. त्यांनी 'आश्रम भजनावली' संकलित केली, साधे सूर निवडले, आणि १९३० च्या दांडी यात्रेत ते पायी चालत गात गेले. १९३८ साली हरिपुरा काँग्रेसच्या वेळी तेथेच त्यांचा अंत झाला. मोठ्या मैफिलीचे गायक म्हणून त्यांची गणना कोणी करीत नाही. परंतु ज्यांना गाता येत नाही असे म्हणतात त्यांना एकत्र गाववून घेण्याची विद्या त्यांस साधली होती. आणि दर रविवारी चर्चमध्ये आम्हास नेमकी तीच विद्या हवी असते.

आणखी एक गोष्ट सांगून विष्णु दिगंबरांचा निरोप घेऊ. त्यांची बहुतेक अपत्ये अकाली गेली होती. १९२१ साली जन्मलेला मुलगा दत्तात्रेय वडिलांच्या मृत्यूसमयी अवघा दहा वर्षांचा होता. बापाची विद्या त्याला मिळावयाची कशी? ती त्याला दिली बापाच्या शिष्यांनी. नारायणराव व्यास आणि विनायकबुवा पटवर्धन यांनी. तोच मुलगा पुढे द. वि. पलुसकर म्हणून नावारूपास आला आणि १९५५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, कीर्ती ठेवून गेला. परक्यांच्या मुलांना जे मोकळ्या हाताने वाटले, तेच स्वतःच्या मुलाला वारसा म्हणून परत मिळाले. कुलुपात ठेवले असते तर किल्ली बापाबरोबरच गेली असती.

आपल्या समाजात अशी काही परंपरा नव्हती काय? होती, आणि तिचा अभिमान बाळगावा अशी होती. गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांत सोळाव्या शतकापासून खेड्यातील मुलांना स्वरवाचन शिकविले जाई. तेथील शिक्षकाला 'मेस्त्र' म्हणत. तोच मिस्साचे गायन सांभाळी, तोच मुलांना फिडल धरावयास शिकवी. मुलाला मुळाक्षरांबरोबर स्वरांच्या रेघाही वाचता येऊ लागत. पुढे हीच मुले मुंबईस येऊन बँडांत व चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागली. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७ ते २०१२) हे अशाच एका मेस्त्राचे पुत्र. मुंबईत त्यांनी ज्यांना व्हायोलिन शिकविले त्यांत प्यारेलाल हे एक होते. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील ज्या गीताने हे नाव घरोघर पोहोचविले, ते शिष्याने गुरूला केलेले वंदन होते. आपणांपैकी कित्येकांनी ते गीत लग्नाच्या मांडवात म्हटले असेल; त्यामागे एक खेड्यातील चर्चचा मेस्त्र उभा आहे, हे आज लक्षात ठेवावे.

त्या शाळा क्षीण होऊ लागल्या तेव्हा गोव्यातील संगीतज्ञांस तीच काळजी पडली जी आम्हास पडली. आंतोनियु द फिगेरेदो यांनी १९५२ साली पणजीत संगीतशाळा काढली. तिचा पुढे कला अकादमीच्या पाश्चात्य संगीत विभागात समावेश झाला. त्या विभागाचे संचालन करणारे फादर लूर्दिनो बारेतो (निधन १९९७) हे स्वतः रोमला पवित्र संगीत शिकून आलेले. गायनवृंद चालविणे आणि पुढील शिक्षक तयार करणे ही दोन्ही कामे त्यांनी एकाच हाताने केली.

आणि दूर कशास जावे? येथून आळंदी किती लांब आहे? चाकणच्या कारखान्यांत कामास जाणारे आपले तरुण तिच्या वेशीवरून जातात. तेथे विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. कीर्तनकार घरच्या परंपरेने व्हावा, असे न मानता कोणाही जातीच्या खेड्यातील मुलाने तेथे राहून अभ्यास करावा आणि आपल्या गावी परतून इतरांस मार्ग दाखवावा, हा त्यांचा हेतू. जोग महाराज १९२० साली गेले. संस्था शंभर वर्षे ओलांडून चालू आहे. आषाढीला इंद्रायणीकाठाहून निघणारी दिंडी आपण सर्वांनी पाहिली आहे. शेकडो टाळ एका ठेक्यात पडतात, विणेकरी पुढे असतो, आणि एक थकला की वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. गाणे मात्र थांबत नाही. पुनरुत्थानाच्या रात्री आमच्या गळ्यातील वीणा घेणारा कोणी नव्हता, कारण आम्ही ती कधी उतरवून दिलीच नव्हती.

कोणी म्हणेल, हे सर्व ठीक. पण ख्रिस्तसभेची आज्ञा काय आहे? परमगुरू दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणादिवशी, पवित्र संगीताविषयी जे पत्र काढले, त्यात लहानसहान चर्चमध्येसुद्धा गायनशाळा असाव्यात असे सांगितले आहे. (त्याच १९०३ साली नगर जिल्ह्यात फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' मासिक सुरू केले, ही गोष्ट मराठी कॅथलिकांनी आनंदाने आठवावी.) पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयी जे संविधान दिले, त्यात संगीत शिकविणारे शिक्षक काळजीपूर्वक तयार करावेत असा स्पष्ट आदेश आहे, आणि निरनिराळ्या देशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य मान द्यावा, असेही म्हटले आहे. तेव्हा शिक्षक घडविणे ही आमची हौस नसून आमच्याकडून राहून गेलेले कर्तव्य आहे.

आता आम्ही स्वतः काय केले, ते थोडक्यात सांगतो. मोठेपणा सांगण्याजोगे त्यात काही नाही.

पहिली अडचण पाळ्यांची. आपल्या मंडळातील निम्मे तरुण कारखान्यांत. या आठवड्यात पहिली पाळी, पुढच्यात दुसरी, त्यापुढे रातपाळी. शनिवारी सायंकाळी तालीम ठेवली की दुसऱ्या पाळीचे सर्व गैरहजर. पूर्वी आम्ही चिडत असू. आता आम्ही प्रत्येक आवाजाला दोन म्होरके नेमले, आणि ते दोघे कधीही एका पाळीत नसतील अशी व्यवस्था केली. एक कामावर असेल तर दुसरा शिकवितो, आणि आठवडा बदलला की पहिला येऊन दुसऱ्याकडून विचारून घेतो. जी पाळी आम्हास शत्रू वाटे, तिनेच विद्या एका तोंडातून दुसऱ्या तोंडात नेली.

दुसरे काम वहीचे. प्रत्येक गीताच्या माथ्यावर पट्टी, ताल, पहिल्या ओळीचे स्वर आणि श्वासाच्या जागा लिहावयाच्या. सव्वातीनशे गीतांस पावणेदोन वर्षे लागली. लिहिताना आम्हास कळले, की कित्येक गीते आम्ही दर वर्षी थोडी निराळी म्हणत होतो, आणि मुले चुकली म्हणून रागावत होतो.

तिसरे काम सर्वांत कठीण. ते म्हणजे मागच्या बाकावर बसणे. दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आम्ही पेटीपासून दूर, खांबाआड बसतो. मंडळ दुसरा कोणी चालवितो. लय धावली, सूर उतरला, तरी उठावयाचे नाही, मान हलवावयाची नाही, खाकरावयाचे नाही. प्रारंभी दोनदा आम्ही उठून गेलो. तिसऱ्यांदा फादरांनी डोळ्यांनीच आम्हास बसविले.

एका तिसऱ्या रविवारापूर्वीच्या तालमीत एक मुलगी लहानांस नवे गीत शिकवीत होती. चाल सुरू करण्याआधी तिने त्यांना शब्द वाचावयास लावले, अर्थ विचारला, न कळलेल्या शब्दावर थांबून तो समजावला, आणि मग पेटी उघडली. आम्ही तीस वर्षे आधी चाल आणि मग शब्द असे शिकवीत आलो. तिची मुले आमच्या मुलांपेक्षा स्पष्ट गायिली. त्या दिवशी घरी जाताना मनास थोडे लागले, आणि बरेच बरे वाटले. शिष्य आपल्यासारखा झाला तर परंपरा टिकते. आपल्याहून निराळा आणि चांगला झाला तर ती वाढते.

खर्चाची बाजूही सांगितली पाहिजे. आम्ही सहाजणांपासून आरंभ केला होता. एक नोकरीनिमित्त परगावी गेला. त्याच्याबद्दल खेद नाही, तो तेथील मंडळात शिकवीत असेल. दुसरा मात्र आमच्या रागावण्यामुळे गेला. चारचौघांत आम्ही त्याला टाकून बोललो, आणि तो पुन्हा आला नाही. त्याच्या घरी जाऊन आम्ही क्षमा मागितली. त्याने चहा पाजला, पण मंडळात येण्याविषयी तो काही बोलला नाही. शिक्षक घडविताना स्वतःचा स्वभावही घडवावा लागतो, हे आम्ही उशिरा शिकलो, आणि त्याची किंमत एका गुणी मुलाने दिली.

काही पालक विचारतात, हल्ली सर्व गीते मोबाइलवर मिळतात, वाद्यसंगत तयार मिळते, मग एवढा खटाटोप कशास? त्यांना आमचे नम्र उत्तर असे. यंत्र गीत ऐकविते. परंतु समोरच्या म्हाताऱ्या आजीचा श्वास पुरत नाही म्हणून ते लय कमी करीत नाही. मातीच्या वेळी, कोणी हुंदका देऊन थांबला, तर ते त्याच्यासाठी थांबत नाही. मंडळाचा चालक थांबतो. त्याने केव्हा थांबावे, हे त्याला कोणीतरी शेजारी बसवून शिकवावे लागते.

महोत्सव समितीस आमची एक विनंती आहे. या वर्षी जो निधी जमला आहे, त्यातून वाद्ये अवश्य घ्या. परंतु त्यातील थोडा भाग दोन-तीन मुलामुलींच्या संगीत शिक्षणासाठी, परीक्षेच्या फीसाठी आणि पुण्यास जाण्या-येण्याच्या खर्चासाठी राखून ठेवा. आणि त्यांच्याकडून एवढाच शब्द घ्या, की जे शिकाल ते दर शनिवारी येथील लहानांस शिकवाल. विष्णु दिगंबरांनी नऊ वर्षांचा करार लिहून घेतला होता. आम्ही तीन वर्षांवर समाधान मानू.

बंधुभगिनींनो, भाषण लांबले. आमच्या हातात ही जी जाडजूड वही आपण पाहता, तीच ती सव्वातीनशे गीतांची वही. आजवर ती रात्री आमच्या उशाशी असे. तिच्या चार प्रती काढल्या आहेत आणि चौघांच्या हाती आज देत आहोत. मूळ वही पेटीच्या खणात राहील. त्या खणाला कुलूप नाही, आणि ते कोणी लावू नये. येत्या पुनरुत्थान जागरणास घंटा वाजतील तेव्हा महिमागीत काळी एकमध्येच उचलले जाईल, अशी आमची श्रद्धा आहे. ते कोण उचलील, हे आम्ही विचारलेले नाही. आम्ही खांबाआड, मागच्या बाकावर असू, आणि प्रथमच सर्वांबरोबर निश्चिंतपणे गाऊ.

प्रभू आपल्या धर्मग्रामास, आपल्या घरांस आणि आपल्या गाणाऱ्या मुलांस आशीर्वाद देवो. आमेन.